खदाखदा हसण्याचा गुन्हा

‘कॅकिनेशन’ हा शब्द बहुतेक इंग्रजांच्याही तोंडी कधी येत नाही. अर्थ साधाच आहे : आवरता न येणारे, मोठ्या आवाजातले, खदाखदा हसणे. शब्द लॅटिनातून आला आणि मुळात तो हसण्याच्या आवाजाचीच नक्कल. संस्कृतात हसण्याचा एक धातू ‘कख्’ आहे, उर्दूत ‘कहकहा’ आहे; माणूस कुठलाही असो, हसताना गळ्यातून बाहेर पडते ते तेच. गंमत त्यापुढची. रोजच्या हसण्याला इंग्रजीत साधे शब्द पुष्कळ असल्याने हा भारदस्त शब्द मानसोपचाराच्या पुस्तकांत जाऊन बसला. तिथे त्याचा अर्थ झाला कारणावाचून येणारे, प्रसंगाला न शोभणारे हसू, म्हणजे रोगाचे एक लक्षण. तेव्हा मोठ्याने हसणाऱ्याला आनंदी म्हणायचे, वेडा म्हणायचे की गुन्हेगार, हे हसणाऱ्याच्या हाती राहत नाही. ते समोर बसलेला ठरवतो, आणि समोरच्याच्या हाती अधिकार असेल तर मामला गंभीर होतो.

किती गंभीर, ते अमेरिकेतल्या एका खटल्याने दाखवून दिले आहे. १० जानेवारी २०१७ रोजी वॉशिंग्टनमध्ये सिनेटच्या न्यायविषयक समितीपुढे जेफ सेशन्स यांच्या नेमणुकीची सुनावणी होती. डोनाल्ड ट्रम्प यांनी त्यांना अ‍ॅटर्नी जनरल, म्हणजे देशाच्या न्याय खात्याचे प्रमुख, म्हणून निवडले होते. वंशभेदी उद्गारांच्या आरोपांवरून याच समितीने १९८६ मध्ये सेशन्स यांना न्यायाधीश होऊ दिले नव्हते, हा इतिहास खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होता. सेशन्स यांची ओळख करून द्यायला त्यांच्याच अलाबामा राज्याचे सिनेटर रिचर्ड शेल्बी पुढे आले. सर्व अमेरिकनांना कायद्यापुढे समान मानण्याची सेशन्स यांची कामगिरी स्पष्ट आहे, तिची नोंद आहे, अशा अर्थाचे ते बोलले आणि प्रेक्षकांच्या खुर्च्यांतून एक हसू फुटले. हसणारी ‘कोड पिंक’ या युद्धविरोधी संघटनेची साठी उलटलेली कार्यकर्ती. हसू क्षणभराचेच. शेल्बी अडखळलेही नाहीत, बोलत राहिले. पण नोकरीवर नुकतीच रुजू झालेली एक पोलीस अधिकारी पुढे आली आणि बाईंना बाहेर काढू लागली. मग मात्र बाईंचा आवाज चढला. हसले म्हणून बाहेर काढता का, असे विचारत, हातातला फलक दाखवत त्या बाहेर गेल्या आणि थेट कोठडीत पोहोचल्या.

आरोप ठेवला गेला तो सभेच्या कामात व्यत्यय आणल्याचा आणि बेशिस्त वर्तनाचा. मे महिन्यात ज्युरीने त्यांना दोषी ठरवले. ज्युरीतल्या काहींनी नंतर सांगितले की आमचा रोख हसण्यावर नव्हता, बाहेर नेताना झालेल्या आरडाओरडीवर होता. सरकारी वकिलांचा रोख मात्र हसण्यावरही होता : हे हसूच मुळी बेशिस्त आहे, असा त्यांचा युक्तिवाद. न्यायाधीशांना तो पचला नाही. जुलैमध्ये त्यांनी ज्युरीचा निर्णय बाजूला सारून नव्याने खटला चालवायला सांगितले. नुसत्या हसण्यावर माणूस दोषी ठरू शकत नाही, एवढे त्यांच्या म्हणण्यातून स्वच्छ झाले. सरकार तरीही मागे हटले नाही. पुन्हा खटला लढवायची तयारी झाली. अखेर ७ नोव्हेंबर २०१७ रोजी तो मागे घेण्यात आला. जानेवारीतल्या एका क्षणाच्या हसण्याचा निकाल लागायला नोव्हेंबर उजाडला. आणि हा खटला चालवणारे खाते तेच, ज्याच्या खुर्चीवर एव्हाना सेशन्स येऊन बसले होते.

अशा बातम्या वाचून आपण अमेरिकेला हसतो. आपल्या संसदेतला असाच एक प्रसंग मात्र फार जुना नाही. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी राज्यसभेत राष्ट्रपतींच्या अभिभाषणावरील चर्चेला पंतप्रधान नरेंद्र मोदी उत्तर देत होते. ‘आधार’ची कल्पना वाजपेयी सरकारच्या काळातली आहे, असे ते सांगत असताना काँग्रेसच्या रेणुका चौधरी मोठ्याने हसल्या. सभापती व्यंकय्या नायडू संतापले. काही त्रास असेल तर डॉक्टरकडे जा, असे त्यांनी सुनावले. कॅकिनेशनचा वैद्यकीय अर्थ सभापतींना ठाऊक असण्याचे कारण नाही, पण नेमका तोच त्यांच्या तोंडी आला. मग पंतप्रधानांनीच सभापतींना विनंती केली की रेणुकाजींना काही बोलू नका, ‘रामायण’ मालिकेनंतर असे हसू ऐकण्याचे भाग्य आज लाभले आहे. सत्ताधारी बाकांवर हशा उसळला, बाके वाजली. त्या मालिकेत असे कोण हसायचे, हे पंतप्रधानांनी सांगितले नाही आणि ऐकणाऱ्यांना ते सांगावेही लागले नाही. एका मंत्र्यांनी तर शूर्पणखेची चित्रफीत जोडून ते समाजमाध्यमावर टाकले. प्रकरण हक्कभंगाच्या नोटिशीपर्यंत गेले.

कुणी बोलत असताना सभागृहात मोठ्याने हसणे शिष्टसंमत नाही, हे मान्य. पण ज्या सभागृहाने कागद भिरकावणे, हौद्यात उतरणे, ध्वनिक्षेपक उपटणे हे सगळे पाहिलेले आहे, त्याच्या शिष्टाचाराला एका बाईच्या हसण्याने तडा जावा, हे जरा नवलाचेच. शिवाय त्या दिवशी सभागृहात दोन हास्ये झाली. एक विरोधी बाकांवरून एकटीचे. दुसरे सत्ताधारी बाकांवरून अनेकांचे, पहिल्याच्या खर्चाने झालेले आणि आवाजाने कितीतरी मोठे. डॉक्टरचा सल्ला पहिल्याला मिळाला. बाके उलटी असती, पक्ष उलटे असते, तरी वेगळे काही झाले असते असे मानायला जागा नाही. प्रश्न पक्षाचा नाही, हसण्याच्या परवान्याचा आहे.

हा परवाना फार जुना आहे. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भरतमुनींनी हसण्याच्या सहा तऱ्हा सांगितल्या आहेत आणि त्या माणसाच्या पायरीप्रमाणे वाटून दिल्या आहेत. स्मित आणि हसित उत्तमांचे, विहसित आणि उपहसित मध्यमांचे, अपहसित आणि अतिहसित अधमांचे. स्मितात गाल किंचित फुलतात, दात दिसत नाहीत. तिथून एकेक पायरी खाली उतरावे तसा आवाज वाढत जातो. तळाच्या अतिहसितात डोळ्यांतून पाणी येते, आवाज बेफाम होतो, हात कुशीवर जातात. रंगमंचावरच्या राजाने आणि विदूषकाने एकसारखे हसू नये, ही नटासाठीची सूचना म्हणून ते ठीकच आहे. पण नाटकाबाहेर आपण हा तक्ता तसाच चालवत आलो. प्लेटोने आपल्या आदर्श राज्याच्या रक्षकांना अनावर हसण्याची बंदी केली आणि देवांना खदाखदा हसताना दाखवल्याबद्दल होमरलाही दोष दिला. ख्रिस्ती मठांच्या नियमांत मोठ्याने हसणे निषिद्ध, बौद्ध भिक्षूने गावात वावरताना मोठ्याने हसू नये असा विनयपिटकाचा दंडक. आपल्याकडे समर्थांनी विनोद टवाळांच्या पदरात टाकला तो टाकलाच. इतक्या दूरदूरच्या माणसांचे इतके एकमत दुसऱ्या कुठल्या विषयावर झाले असेल, असे वाटत नाही.

यांतले साधुसंत निदान स्वतःही तो नियम पाळत होते आणि त्यामागे काही साधना होती. लॉर्ड चेस्टरफील्डचे तसे नाही. या इंग्रज उमरावाने आपल्या मुलाला सभ्य गृहस्थ बनवण्यासाठी वर्षानुवर्षे पत्रे लिहिली. १७४८ च्या एका पत्रात त्याने हसण्याचा समाचार घेतला आहे. जगाने तुला स्मित करताना पाहावे, हसताना ऐकू नये, असा त्याचा उपदेश. मोठ्याने हसणे ही गावगुंडांची रीत, त्यात आवाज घाणेरडा होतो आणि चेहरा वेडावाकडा दिसतो, असे त्याचे म्हणणे. आपल्याला पुरती अक्कल आल्यापासून आपल्याला हसताना कुणी ऐकलेले नाही, अशी बढाईही तो मारतो. हे वाचून चेस्टरफील्डची कीव येते खरी, पण त्याने गुपित मात्र फोडले आहे. आक्षेप आनंदाला नाही. खालच्या माणसांसारखे दिसण्याला आहे.

मराठीत तर त्यासाठी पत्र लिहायचीही गरज पडत नाही. साहेब दिलखुलास हसतात, शिपाई दात काढतो आणि मुलगी खिदळते.

वरच्या माणसाचे हसू सुटले तर काय होते, याचाही एक नमुना आहे आणि तो मोठा गोड आहे. ९ ऑगस्ट १९९१. लंडनच्या ओव्हल मैदानावर इंग्लंड विरुद्ध वेस्ट इंडीज कसोटी. कर्टली अँब्रोजच्या चेंडूवर इयन बोथमचा तोल गेला. यष्ट्या ओलांडून पलीकडे पाय टाकायच्या प्रयत्नात त्याच्या मांडीचा धक्का लागून बेल पडली आणि तो हिट विकेट झाला. संध्याकाळी बीबीसी रेडिओवर दिवसाच्या खेळाचा आढावा घेताना जोनाथन अ‍ॅग्न्यू म्हणाला की बिचाऱ्याला पाय काही पलीकडे टाकता आला नाही. इंग्रजी बोलीत या वाक्प्रचाराला शयनगृहातला अर्थ आहे. शेजारी बसलेले ब्रायन जॉन्स्टन तेव्हा ७९ वर्षांचे, ईटनमध्ये शिकलेले, समालोचकांत सर्वांत ज्येष्ठ. त्यांनी आधी ऐकून न ऐकल्यासारखे केले आणि धावफलक वाचत राहिले. एखाददुसरे वाक्य निभावले. मग आवाज बारीक होऊ लागला, शब्द चिरकू लागले, अ‍ॅग्न्यूला ‘आता पुरे’ म्हणतानाच ते कोलमडले. पुढे काही काळ राष्ट्रीय नभोवाणीवरून नुसते धापा टाकणे, कण्हणे आणि आवंढे ऐकू येत होते. अ‍ॅग्न्यूने परिस्थिती सावरायला तोंड उघडले, तर त्याच्याही घशातून शब्द फुटेना. ऐकणाऱ्यांपैकी कुणी त्यांना डॉक्टरकडे जायला सांगितले नाही. ती ध्वनिफीत तीसहून अधिक वर्षे झाली तरी प्रेमाने लावली जाते. ती ऐकावीच, न हसता ऐकून दाखवणाऱ्याला चेस्टरफील्डच्या मुलाची जागा द्यावी.

जॉन्स्टन यांच्या त्या आवाजात एक गोष्ट लख्ख ऐकू येते : माणूस हसत नव्हता, हसू त्याला हसवत होते. शरीरशास्त्रही तेच सांगते. बोलताना आपण श्वास सोडतो, पण मापाने. हसताना सोडलेल्या श्वासाचे तुकडे पडतात, सेकंदाला साधारण पाच, आणि छाती रिकामी होईपर्यंत ते थांबत नाहीत. म्हणून कुशीत कळ येते, डोळ्यांत पाणी येते, बोलायला जावे तर चिरका आवाज निघतो. हसून हसून पायांतले बळ जाते ही काही नुसती बोलण्याची तऱ्हा नाही. मनापासून हसताना पायाच्या स्नायूची एक प्रतिक्षिप्त क्रिया खरोखरच मंदावते, असे डच डॉक्टरांनी १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिले. मुरकुंडी वळते ती अशी. ठरवून हसणे आणि हसू फुटणे यांचे मेंदूतले रस्तेही वेगळे आहेत. पहिला आपल्या ताब्यातला, दुसरा नाही.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी आणखी एक भ्रम घालवला. त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी दुकानांत, रस्त्यांवर, विद्यापीठाच्या आवारात माणसे कधी हसतात याच्या सुमारे १२०० नोंदी केल्या. विनोद म्हणता येईल अशा वाक्यानंतर आलेले हसू त्यांत फार तर वीस टक्के निघाले. बाकीचे हसू ‘बरंय, भेटू मग’ छापाच्या वाक्यांवर. माणूस एकटा असताना हसतो त्याच्या तीसपट चारचौघांत हसतो, असेही त्यांना आढळले. म्हणजे हसणे हा विनोदाचा मामला कमी आणि माणसामाणसांतल्या संबंधांचा जास्त. कोण कुणापुढे हसते, कोण कुणाला हसवते आणि कुणी हसल्यावर खोली गप्प होते, यात सगळी उतरंड वाचता येते. साहेबांच्या शिळ्या विनोदावर कचेरी हसते तेव्हा तिला हसू आलेले नसते. तिला पगार आलेला असतो.

याच उतरंडीच्या तळाशी बायका आहेत. २८ जुलै २०१४ रोजी तुर्कस्तानचे उपपंतप्रधान ब्युलेंट आरिंच यांनी ईदच्या निमित्ताने केलेल्या भाषणात, बाईने चारचौघांत मोठ्याने हसू नये, असे सांगितले. तिथल्या हजारो बायकांनी स्वतःचे खदाखदा हसतानाचे फोटो समाजमाध्यमांवर टाकून त्यांना उत्तर दिले. आपल्याकडे असे भाषण कुणी करत नाही, कारण ते काम घरोघरी आधीच झालेले असते. हसणारी बाई आणि रडणारा पुरुष यांचा भरवसा धरू नये, अशी म्हणच आहे. आणि म्हण कमी पडली तर महाभारत आहे. द्रौपदी हसली म्हणून महाभारत घडले, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असते. मूळ सभापर्व उघडून पाहिले तर मयसभेत दुर्योधन पाण्यात पडतो तेव्हा हसतो भीम, हसतात त्याचे भाऊ, हसतात नोकरचाकर. द्रौपदीचे हसणे येते ते पुढे, घरी परतलेल्या दुर्योधनाच्या गाऱ्हाण्यात, आणि तिथेही कृष्ण अर्जुनासह मोठ्याने हसला हे आधी आहे, द्रौपदी व इतर स्त्रिया नंतर. आंधळ्याचा मुलगा आंधळा हे वाक्य तर व्यासांनी लिहिलेलेच नाही. लोककथांनी ते तिच्या तोंडी घातले आणि दूरदर्शनच्या मालिकेने ते पक्के केले. हसले पाच-पन्नास, त्यांत भीम सगळ्यात आधी. युद्धाची जबाबदारी मात्र जिचे हसू केवळ फिर्यादीत आहे तिच्यावर. तपासाची ही पद्धत आपल्याला अजूनही ओळखीची वाटावी.

मोठ्याने हसणाऱ्यांची वकिली करताना एक मान्य केलेच पाहिजे की असे प्रत्येक हसू सुखाचे नसते. दुर्योधनाला ते झोंबले यात त्याचे सगळेच चुकले असे नाही. पाय घसरलेल्याला हसणे हा क्रूरपणाच. वसतिगृहांत नवख्या पोराला मध्ये उभे करून हसणाऱ्यांचे टोळके काही कॅकिनेशनच्या कौतुकाला पात्र नाही. फक्त एवढेच, की बलवान दुबळ्याला हसतो तेव्हा त्या हसण्याला कुणी बेशिस्त म्हणत नाही, वेडही म्हणत नाही. त्याला मौजमस्ती म्हणतात.

सुखाचा लवलेश नसलेले अनावर हसूही असते. ३० जानेवारी १९६२ रोजी तेव्हाच्या टांगानिकात, व्हिक्टोरिया सरोवराजवळच्या काशाशा गावी, मिशनच्या मुलींच्या निवासी शाळेत तीन मुलींना हसू सुटले. ते थांबेना. हसण्याच्या जोडीला रडणे, धावत सुटणे, कुणी धरले तर झटापट. झटका काही तासांत ओसरायचा, काहींचा सोळा दिवस टिकला. शाळेतल्या १५९ मुलींपैकी ९५ जणींना ही बाधा झाली आणि १८ मार्चला शाळा बंद करावी लागली. मुली घरी गेल्या, त्यांच्याबरोबर ते गावोगाव पोहोचले. पुढे एकूण चौदा शाळा बंद पडल्या, सुमारे हजार जणांना झटके आले. डॉक्टरांनी रक्त तपासले, अन्न तपासले. विष नाही, जंतू नाही. ‘हास्याची साथ’ म्हणून ही गोष्ट आजही गमतीदार माहितीच्या चौकटीत छापली जाते. ती गंमत नव्हती. देश नुकताच, आदल्याच डिसेंबरात, स्वतंत्र झालेला, मुली घरापासून दूर, शाळेची शिस्त कडक. या ताणातून आलेला तो सामूहिक मनोविकाराचा उद्रेक होता, असेच पुढच्या अभ्यासकांचे मत. एक तपशील मात्र टिपून ठेवावा असा आहे. मुली हसत होत्या, एकाही शिक्षकाला बाधा झाली नाही. वर्गात ज्यांना बोलायची मुभा होती त्यांना हसू आले नाही.

एकीकडे असे हसू दाबायचे आणि दुसरीकडे ते कारखान्यात काढायचे, ही विसाव्या शतकाची कमाल. चार्ल्स डग्लस हा सीबीएस या अमेरिकन दूरचित्रवाणी कंपनीतला इंजिनिअर. १९५० च्या दशकात त्याने एक पेटी बनवली. तिच्यावर टाइपरायटरसारख्या कळा. एक कळ दाबली की बायकांचे खुदखुदणे, दुसरी दाबली की पुरुषांचा गडगडाट, तिसरीला एकाच माणसाचे उशिरा सुटलेले हसू. हसणे किती वेळ टिकवायचे ते पायाखालच्या पट्टीवर. पेटीला कुलूप असे आणि आतले यंत्र डग्लस कुणाला दाखवत नसे. चित्रीकरण झाले की तो पेटी ढकलत यायचा, कार्यक्रम पाहत हार्मोनियम वाजवावी तसा हसू वाजवायचा आणि पेटी घेऊन निघून जायचा. अमेरिकेने कित्येक वर्षे कुठे हसायचे हे या एका माणसाच्या बोटांवरून ठरवले. कोरियन युद्धातल्या फिरत्या रुग्णालयावरच्या ‘मॅश’ मालिकेच्या निर्मात्यांना हे पेटीतले हसू नको होते. वाहिनीने ऐकले नाही. अखेर शस्त्रक्रियेच्या दृश्यांत तरी हसू वाजवायचे नाही, एवढी सवलत त्यांनी पदरात पाडून घेतली. १९९२ मध्ये डग्लसला एमी पुरस्कार मिळाला. आपल्या विनोदी कार्यक्रमांत आता पेटीऐवजी सोफ्यावर हसायला माणसेच बसवतात. कॅमेरा वळला की ती हसतात. हे हसू नियमात बसत नाही असे कुणी म्हणत नाही, कारण ते कराराने आलेले असते.

मुंबईने या बाबतीत आणखी पुढचे पाऊल टाकले. १३ मार्च १९९५ रोजी डॉ. मदन कटारिया यांनी अंधेरीच्या लोखंडवाला भागातल्या बागेत चार जणांना घेऊन पहिला हास्यक्लब सुरू केला. सुरुवातीला रोज विनोद सांगायचे ठरले होते. थोड्याच दिवसांत चांगल्या विनोदांचा साठा संपला, मग चावट आणि लागट विनोद सुरू झाले, लोकांना ते खटकू लागले. तेव्हा कटारिया यांनी विनोदच काढून टाकला आणि विनाकारण हसायचे ठरवले. मानसोपचाराच्या कोशात ज्याला कारणावाचूनचे हसू म्हणून रोगाच्या रकान्यात टाकले होते, तेच सकाळच्या व्यायामाच्या रकान्यात आले. आज शंभराहून अधिक देशांत असे हसले जाते. हात वर करून, एक-दोन-तीन म्हणून. निवृत्तीनंतर घरात ज्यांचा आवाज कुणाला ऐकू येत नाही, अशा किती तरी माणसांना या बागांनी तासभर मोठ्याने हसायची जागा दिली, याचे मोल कमी नाही. अर्थात ज्याच्या खिडकीखाली ही बाग असते त्याचेही एक म्हणणे असते. २०१२ मध्ये कुर्ल्यातल्या एका हास्यक्लबचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. भल्या पहाटे झोपमोड करणारे हसू आनंदाचे की आरोग्याचे, याने झोपणाऱ्याला फरक पडत नाही, आणि त्याची बाजू आम्हाला मान्य आहे. आवाजाबद्दल तक्रार जरूर असावी. ती हसणारा कोण हे न बघता असावी, इतकेच.

तेव्हा संसदेच्या आणि विधिमंडळांच्या पीठासीन अधिकाऱ्यांना विनंती. हसण्यावर शिस्तीचा बडगा उगारायचाच असेल तर तो दोन्ही बाजूंच्या बाकांवर सारखा उगारा, आणि डॉक्टरचा पत्ता देणार असाल तर सगळ्यांना द्या. दुसरी विनंती घरातल्या वडीलधाऱ्यांना. मुलगी मैत्रिणीशी फोनवर खदाखदा हसत असेल तर ‘हळू गं, शेजारी काय म्हणतील’ हे वाक्य तोंडातून निघण्याआधी आठवून पाहा, तिच्या भावाला ते शेवटचे कधी ऐकवले होते.